बिननावाच्या फायली

सोमवार, ३
रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात आज रुजू झाले. खोली गारेगार, खुर्ची नवीकोरी, कोपऱ्यातल्या कपाटात संगणकाची डिस्क एका लयीत घुरघुरते. निवृत्तीला आलेल्या ऑपरेटर काकांनी हौसेनं सगळं समजावलं. मशीन कुठलीही नोंद एकदम करत नाही. आधी स्वतःच्या रोजनिशीत लिहितं, ‘आता हे करणार आहे’, आणि मगच करतं. मध्येच वीज गेली, तर आल्यावर रोजनिशी वाचून अर्धवट काम पुरं करतं. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखंच की, मीही रोजनिशी लिहिते. काका पोट धरून हसले. इथे जमेल माझं.

गुरुवार, ६
दुपारी वीज गेली. बॅटरी कधीचीच बंद पडलीय. वीज आल्यावर मशीननं रोजनिशी वाचली, सगळं सुरळीत झालं. फक्त नऊ नंबरच्या खाटेवरच्या शिक्षिकाबाईंची नोंद गायब. सकाळी मीच केली होती. काका म्हणाले, डिस्क थकलीय. ‘लिहिलं’ म्हणून मोकळी होते, लिहिलेलं नसतंच. पुन्हा माहिती घ्यायला वॉर्डात गेले. खाट रिकामी, चादरीला सुरकुती नाही. नर्स म्हणाली, इथे आठवडाभर कुणीच नाही. मला वाटलं, नवीन म्हणून फिरकी घेतेय.

मंगळवार, ११
पुन्हा वीज गेली. आणखी दोघांच्या नोंदी गायब, खाटाही रिकाम्या. घरच्यांना फोन लावले. असं कुणी आमच्याकडे नाही, म्हणाले. मला आठवतं ते इथे लिहिलंय म्हणून. काकांना जाब विचारला. ते म्हणाले, तक्रार करणार कोण? मागे आठवण ठेवणारं कुणी उरतच नाही. मग शांतपणे डबा उघडला. घरी रोज दोन ताटं वाढून घेतात म्हणे. दुसरं कुणाचं, ते आठवत नाही.
घाबरायला हवं होतं. मी पुढची नोंद करायला घेतली.

शुक्रवार, १४
दादा जिन्यावरून पडला. पाय मोडला. दुसरीकडे न्या म्हणून विनवलं. आई म्हणाली, तू आहेस ना तिथे, मग कसली काळजी. नोंदीशिवाय औषध मिळत नाही. तीनदा नोंद केली. तिन्ही वेळा डिस्क म्हणाली, लिहिलं.

शनिवार, १५
चार मिनिटं वीज नव्हती.
खाट रिकामी.
आईला फोन केला. ती म्हणाली, बरी आहेस ना गं? तुला भाऊ कधी होता?
रडू आलं नाही.

रविवार, १६
मशीनमध्ये एक कप्पा सापडला. नावापासून तुटलेल्या फायली ते तिथे टाकतं. शंभरेक आहेत. एक उघडली — वय एक्केचाळीस, डावा पाय, बहीण इथेच नोकरीला — हाच तो! सगळं शाबूत. फक्त नाव घालायचं, की परत जागेवर —
काका म्हणतात, आटप, डिस्क खरखरतेय.
ही वही चाळली. दादा. दादा. जन्मभर दादाच म्हटलं.
दिवे मिचमिचताहेत. जिभेवर आहे. ओठ मिटून सुरू होतं — म — नाही — प — ब —