शिट्टीवर उठणाऱ्या मुलांना मैदानात येऊ देण्याबाबत

प्रति,
मा. स्पर्धा अधिकारी,
वैनगंगा व्यावसायिक हॉकी लीग,
चंद्रपूर.

विषय : बोडेमारीच्या एकोणीस मुलांवरील प्रवेशबंदी उठवणे व हमीपत्राची अट सोडणे.
संदर्भ : आपले दि. २७/०१/२०२६ चे पत्र.

महोदय,

अर्जदार मुखरू दादाजी गेडाम हा बोडेमारी (ता. अहेरी) येथील सेवानिवृत्त शिक्षक असून गावच्या मुलांना आजही बांबूच्या वाकड्या काठ्यांवर हॉकी शिकवतो. खरा सामना मुलांनी डोळ्यांनी पाहावा म्हणून दि. १८ जानेवारीस तो एकोणीस जणांना पहिल्या एसटीने चंद्रपूरला घेऊन आला. उन्हात बसूनही मुले हरखली होती. सामन्याआधी मैदानावर पाणी मारताना पाहून त्यांतल्या उर्वशीने "गुरुजी, इथी रोवणा हाय का?" असे विचारले (भातलावणीला आमच्याकडे रोवणा म्हणतात), त्यावर शेजारचे हसले. तोवर कोणाची काही तक्रार नव्हती.

आमच्या भागात वाघ दिसला की वनरक्षक तीनदा शिट्टी वाजवतो. मुलांनी लगेच उठावे, एकमेकांचे हात धरावेत आणि ओरडत शाळेकडे चालावे, हे अर्जदारानेच सहा वर्षे शिकवले आहे. पंच एकेक शिट्टी वाजवत होते तोवर त्याने मुलांना खांदे दाबून बसवले. परंतु तिसऱ्या सत्रात पेनल्टी कॉर्नरवरून वाद होऊन लागोपाठ तीन शिट्ट्या झाल्या. खरे सांगणे भाग आहे : सर्वांत आधी अर्जदारच उठला.

मुले हात धरून ओरडत फाटकाकडे निघाली. मागून कोणीतरी "पळा रे, वाघ हाय!" म्हणाले. चंद्रपूरच्या माणसाला त्यापुढे काही विचारावे लागत नाही. बाके रिकामी झाली, एक गोलरक्षक गोलाच्या जाळीवर चढला आणि सामना चाळीस मिनिटे थांबला. वाघ नव्हता, हे आपले म्हणणे अर्जदारास मान्य आहे.

शिट्टीवर मुले जागची उठणार नाहीत असे हमीपत्र दिल्याशिवाय त्यांना प्रवेश नाही, असे आपण कळवले. क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी त्याच मैदानावर २२ फेब्रुवारीस आहे आणि आमच्या बुधरीचे (वय १०) नाव त्यात आहे. मुख्याध्यापक म्हणतात, "शिट्टी तुम्ही शिकवली, गुरुजी. सही मी काऊन करू?" म्हणून अर्जदाराने स्वतःच मुलांना बसायला शिकवणे सुरू केले. तीन शिट्ट्यांना जो बसून राहील त्याला एक बोर. दहा दिवसांत सर्वांत चांगली बुधरी शिकली.

मंगळवार दि. १० रोजी दुपारी ओढ्यावर वनरक्षक लोकेश यांनी तीन शिट्ट्या वाजवल्या. बाया पळाल्या, त्यांचे पाहून इतर मुले पळाली. बुधरी बसून राहिली. वाघीण पलीकडच्या काठाला होती. लोकेश यांनी बुधरीला उचलून आणले, तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, मी नाई उठली. माहं बोर द्या."

अर्जदाराने बोर दिले. हमीपत्रावर सही मात्र त्याच्या हातून होत नाही.

तरी ही अट सोडावी. चाचणीत शिट्टीऐवजी झेंडी वापरता आली तर पाहावे. काहीच जमत नसल्यास बंदी एकट्या अर्जदारावर घालावी. तो रस्त्यापलीकडे उभा राहील. बुधरीला पुन्हा उठायला शिकवणे कालपासून सुरू केले आहे. ती अजून उठत नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
मुखरू दादाजी गेडाम
बोडेमारी, दि. १२/०२/२०२६

सोबत : हमीपत्र, एक प्रत (सही नसलेली).