आत्याचा आवाज बसला, पन चांगल्या अर्थानं

मु. पो. बेलापूर
मंगळवार, जेवनानंतर

तीर्थस्वरूप पुष्पावती आत्याच्या पायावर गोरक्षचं डोकं (डोकं म्हंजे जे काय हाय ते).

शाळेत पत्रलेखनात माझा एक मार्क कायम जायचा. आईबापाला तीर्थरूप आन् बाकीच्या थोरांना तीर्थस्वरूप, का उलटं, हे माझ्या कदी ध्यानात ऱ्हायलं न्हाई. त्यामुळं मायना चुकला असंल तर तो अपमान समजू नको. अपमान समजायला तुला माझ्याकडून आधीच लई मिळालंय. पयल्यांदा मी तुला 'तुमी' घालून लिवायला बसल्तो, पन चार ओळींत वाटायला लागलं की ग्रामपंचायतीला नळजोडनीचा अर्ज करतोय, म्हनून तो कागद फाडला. तब्येत कशी हाय? लेकीच्या घरी कर्जतची हवा मानवली का? मोनिकाताईची पोरं तरास देत न्हाईत ना? (देत असतील तर माझं लहानपन आठव, लगेच गुनाची वाटतील.) हिकडं सगळे मजेत हायेत असं लिवायची पद्धत हाय, पन न्हाईत. आई माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढती, भिंतीकडं तोंड करती आन् भिंतीला सांगती की त्याला म्हनावं जेव.

पत्र कशापायी, तर तू मला फोनवर ब्लॉक केलं. माझ्या दोस्ताच्या, करनच्या फोनवरून लावला तर त्यालाबी केलं, आन् त्या बिचाऱ्यानं तर ह्या खेपेला कायच केलं नव्हतं. म्हनून पोस्टात जाऊन पाकीट आनलं. तिथल्या बाईनं विचारलं, नोकरीचा अर्ज का. म्हनलं व्हय, भाच्याची जागा हुती, ती गेली, परत घेत्यात का बघायचंय.

आता झालं काय ते पयल्यापासून सांगतो, कारन तू अर्धंच ऐकून यष्टीत बसलीस. आपल्या वाल्मिकदादाचं 'पाटपानी' साप्ताहिक तुला ठाऊक हाय. संपादक तोच, बातमीदार तोच, सायकलवर वाटनाराबी तोच. त्याच्याकडं नाटकाचं परीक्षन लिवनारे गुरुजी मोतीबिंदूच्या आप्रेशनला गेले, तवा त्यानं मला धरलं. दहावीला मराठीत मला पस्तीस हुते हे त्याला सांगितलं. तो म्हनला, वाचनाऱ्यांनाबी तेवढेच हुते.

पयलं नाटक संगमनेरला, कॉलेजच्या पोरांचं, एकदम नवं. एक मानूस आपल्याकडं पाठ करून चाळीस मिनिटं खुर्चीत बसतो आन् कोपऱ्यात नळ गळतो. मी लिवलं की खुर्चीनं जीव तोडून काम केलं, नळाचे संवाद स्वच्छ हुते, मानसानं मातर अजून मेहनत घ्यायला पायजे. मला वाटलं वाल्मिकदादा हाकलून देनार. त्यानं छापलं, आन् सलूनमदी लोक मोठ्यानं वाचायला लागले. दुसरं नवं नाटक दोन भावांच्या विहिरीचं हुतं. त्यात मी लिवलं की दुसऱ्या अंकात तिसऱ्या रांगेतला एकजन उठून बाहेर गेला, आख्ख्या नाटकात त्याचंच काम नैसर्गिक वाटलं. झालं. माझी कॉलर वर. गावात कुनी दिसलं की म्हनायचं, काय समीक्षक, आज कुनाची काढली?

तेवढ्यात बन्सीमास्तरांनी 'संगीत कंकणहरण' पुन्हा काढलं. चाळीस वर्सांनी. तवा तू वीसेक वर्साची, रानीची दासी झाल्ती, आन् ह्या खेपेला रानी. वाल्मिकदादानं मला बजावलं की संगीत नाटक म्हंजे खुर्ची आन् नळ न्हाई, हितं वात्रटपना चालनार न्हाई, तालमीला जाऊन बस, चार शब्द शिक. मग मी आठ दिवस शाळेच्या हॉलमदी तबल्याशेजारी बसलो. (बन्सीमास्तरांनी मला दोन्ही हात मांडीवर दिसतील असे ठेवायला लावले हुते. आठवीत असताना मी त्यांच्या पेटीच्या काळी चारला बाभळीचा डिंक लावला हुता, ते आख्खं भजन एकाच सुरात झालं, आन् मानसं म्हनली आज लई एकाग्रता हुती. मास्तर ते अजून इसरले न्हाईत.)

आन् आत्या, त्या आठ दिवसांतच माझा घात झाला. बन्सीमास्तरांच्या तोंडात दुसरा शब्दच न्हाई. पयला अंक बसला. दुसरा अजून बसायचाय. ह्या खेपेला दासी झालेल्या सत्यशीलाचं पद बसत न्हाई. राजाची एंट्री बसली. आन् तुझं तिसऱ्या अंकातलं पद, 'हाती नाही कंकण, तरी का वाजे', ते संपलं की मास्तर डोळे मिटून मान हलवायचे आन् म्हनायचे, वा, बसलं, पाक बसलं. मी वहीत लिवून घेतलं, बसनं म्हंजे उत्तम होनं. आमच्यात घसा बसतो हे मला ठाऊक न्हाई का? शाळेत कबड्डीच्या मॅचनंतर माझा दर खेपेला बसायचा. पन आठ दिवस जो शब्द शाबासकीचा म्हनून ऐकला, तो डोक्यात असा बसला (बघ, परत आला) की जुना त्याच्याखाली दबला.

मग प्रयोग झाला. रविवारी चार वाजता, मंगल कार्यालयात. सकाळचं लग्न उरकायला उशीर झाला म्हनून मागच्या पडद्यावर थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच ऱ्हायलं, आन् रानीचं कंकण चोरीला जातं तवा तिच्या डोक्यावर 'शुभविवाह' आन् दोन मोर. दुसऱ्या अंकात राजानं तलवार उपसली तर म्यानच हातात आलं. लोकांनी त्यालाबी वन्स मोअर दिला. एरवी मी ह्यावर दोन कॉलम काढले असते. एक ओळ लिवली न्हाई. घरी गेलो, हातपाय धुतले, देवासमोर बसल्यासारखा बसलो आन् आयुष्यात पयल्यांदा खोडी न काढता लिवलं. पयल्या रांगेत बसून ते पद ऐकताना डोळ्याला पानी आलं हे लिवलं. आन् शेवटी, सगळ्यात जड शब्द शेवटी ठेवावा म्हनून, लिवलं:

'पुष्पावतीबाईंचा आवाज चांगलाच बसला. इतका बसलेला आवाज या पंचक्रोशीत आजवर कुणी ऐकला नसेल.'

वाल्मिकदादाला वाटलं ही माझी नेहमीची गंमत. त्यानं हसत हसत ती ओळ उचलली, मथळ्याला लावली, जाड अक्षरात, खाली तुझा कंकण नसलेला हात वर केलेला फोटो.

गुरुवारी सकाळी तू दारात आलीस. हातात अंक. आई चुलीपाशी हुती, तिनं अजून वाचला नव्हता. तुझे डोळे भरलेले बघून मला वाटलं, बघा, समीक्षा म्हंजे ही.

तू म्हनलीस, "गोरक्ष, हे तू लिवलं?"

मी छाती काढून म्हनलो, "व्हय आत्या. अगदी मनापासून."

तू अंकाची घडी घातलीस. बारीक, अजून बारीक. आन् म्हनलीस, "मनापासून. बरं." मग गेलीस. मी मागनं वरडून सांगितलं की अजून दोन अंक पायजे असतील तर आनून देतो.

तो दिवस आठवला की मला आपलं तोंड धरून त्याच पेटीत कोंबावंसं वाटतं. कारन मला ठाऊक हुतं, आत्या. गळ्याचं आप्रेशन झाल्यावर डाक्टर म्हनले हुते, जीव वाचला, आवाजाचं सांगता येत न्हाई. सा म्हनला तर नुसती हवा यायची. मग आठ महिने रोज पहाटे पाचला गच्चीवर तू तेवढाच एक सा लावत बसलीस. आन् आमची गच्ची शेजारी. मी गोधडीतून शेळीसारखं बें करून तुला साथ द्यायचो. तू थांबायची, हसायची, परत लावायची. मला वाटायचं दोघांची गंमत चाललीय. तुझी काय चालली हुती ते मला त्या गुरुवारी कळलं.

पुढचं तू बघितलंसच. सलूनवाल्या आदिनाथनं चांगुलपनानं तुझ्या दारात जेष्ठमध ठेवला. त्याचं बघून डेअरीवाल्यांनी ठेवला. संध्याकाळपातुर अकरा पुड्या जेष्ठमध, खडीसाखर, लवंगा, आन् एकानं तर वाफ घ्यायचं मशीन. सगळ्यांना तुझ्याबद्दल माया, म्हनून सगळ्यांनी मिळून तुला सांगितलं की तुझा आवाज गेला. समोरच्या साळूबाईनं तर तुला बोलूच दिलं न्हाई, म्हनली, तू बोलू नको, मान हलव.

मी वाल्मिकदादाकडं पळालो. म्हनलं दुरुस्ती छाप. तो म्हनला तूच लिव, चूक तुझी. आता बसलाच्या उलटं काय, तर उठला. म्हनून मी लिवलं की मागच्या अंकात पुष्पावतीबाईंचा आवाज बसला असं छापलं गेलं, प्रत्यक्षात तो उठला आहे, वाचकांनी नोंद घ्यावी. तोवर तू कर्जतची यष्टी धरली हुतीस, ते एक बरं झालं. कारन दुसऱ्या दिवशी सरपंच तुझ्या बंद दारापुढं उभा, विचारत हुता की बाईंनी आवाज उठवला तो गटाराबद्दल का रस्त्याबद्दल. आन् बाजारात लोक म्हनायला लागले, आधी बसला, आता तर उठलाच, म्हंजे पार गेला.

मी घरोघर सांगत फिरलो की मी स्तुती केल्ती. कुनी इश्वास ठेवला न्हाई. त्यांचंबी बरोबर हाय. गनपतीत मी लाऊडस्पीकरवरून टँकर आल्याचं खोटंच सांगितलं हुतं, तवा आख्खी आळी हंडे घेऊन पळाली हुती. आता ह्या तोंडानं खरं सांगायला गेलं तर लोक आधी हंडा घरात ठेवत्यात. बन्सीमास्तरांनी तेवढं ऐकून घेतलं. मग म्हनले, "पोरा, तू शब्द माझाच उचललास, पन ठेवलास कुठं." पेटीवर फडकं टाकून बसल्यात. येत्या रविवारी दुपारी संगमनेरचा प्रयोग ठरलाय. चौऱ्याहत्तर वर्सांच्या आयुष्यात त्यांचं नाटक पयल्यांदा तालुक्याभाईर चाललंय. सत्यशीलाला रानीचं पद शिकवायला घेतलं, तिसऱ्या दिवशी तीच रडली. म्हनली, हे आत्याबाईंचं हाय, माझ्या तोंडात ते कापूस घातल्यासारखं लागतं.

तर आत्या, माफी मागतो. गंमत न करता मागतो, आन् हे वाक्य कसं लिवायचं ते मला येत न्हाई, म्हनून एवढंच. मोनिकाताईला नमस्कार, पोरांना पापा. जेष्ठमध टाकून देऊ नको, चांगल्या मनानं दिलाय.

तुझाच,
भाचा (जागा रिकामी हाय का ते कळव)
गोरक्ष

ता. क. – एक सांगायचं ऱ्हायलं. बन्सीमास्तर म्हनले, पूर्वी बाप्येच लुगडं नेसून रानी व्हायचे. तू न्हाई आलीस तर रविवारी रानी मी. त्यांनी माझा आवाज घेऊन बघितला, तरी ते मागं हटले न्हाईत. पोलक्याचं माप दिलंय. करन तर आत्तापासून हार घेऊन ठेवलाय म्हनतो, कशाचा ते सांगत न्हाई. तवा माझ्यावर राग ठेव, पन संगमनेरच्या लोकांनी तुझं काय वाकडं केलंय?

ता. क. २ – ही ओळ मोनिकाताईला वाचून दाखवू नको. मी पयल्या रांगेत नव्हतो. पद सुरू व्हायच्या आधी उठून भाईर गेल्तो. तालमीत दोनदा 'का वाजे' वर तुझा आवाज चिरकला हुता ते मी ऐकलं हुतं, आन् लोकांसमोर तसं झालं आन् कुनी हसलं तर, हसनाऱ्यांत माझी सवय आधी हसंल, ह्याचं भ्या वाटलं. कार्यालयाच्या मागं पान्याच्या टाकीपाशी दोन्ही कानात बोटं घालून उभा ऱ्हायलो. मग साळूबाई पदरानं डोळे पुसत भाईर आली. मी बोटं काढली, तवा आत नुसत्या टाळ्या हुत्या. समद्या गावानं ऐकलं, आन् ज्यानं लिवलं त्यानंच ऐकलं न्हाई. परीक्षन मी साळूबाईचं तोंड बघून लिवलं, आत्या.

यष्टी कर्जतहून सकाळी सातला हाय. रविवारी मी खरंच पयल्या रांगेत बसतो, हात मांडीवर, मास्तरांना दिसतील असे.