यादीबाहेरच्या पुस्तकाची अकरा पानं

परमेश्वराचं नाव सर्वांत वर लिहून मी, सेमाह बिन येफेत, पुस्तकांच्या प्रती उतरवणारा नक्कलकार, राहणार फुस्तात, नील नदीच्या काठी, असं लिहून ठेवतो की माझे पाय सुजले आहेत, पण बुद्धी शाबूत आहे आणि कोणी दरडावून हे लिहवून घेतलेलं नाही.

घराचा खालचा मजला मुलगी तुर्फा हिला. जावई खलफ याने तिथे राहावं, पण किल्ली तिच्याच कमरेला असावी.

बोरू आणि दौत कोणाला द्यायची? या दुष्काळात गावात नक्कल करणारा मी एकटाच उरलो. तुर्फाने त्या बदल्यात कोणी भाकरी देत असेल तर घ्यावी.

आता पुस्तकाबद्दल. शहाणपणाच्या वचनांचं हे पुस्तक मूळ आपल्या पवित्र भाषेतलं आहे. वडिलांनी ते माझ्या हाती देताना बजावलं होतं, "दर पिढीनं एक प्रत करायची. पवित्र ग्रंथांच्या यादीत नाही म्हणून दुसरं कोणी करणार नाही." मी होय म्हणालो आणि चाळीस वर्षं लोकांचे लग्नाचे करार लिहीत बसलो. आज करू, उद्या करू. आमचे धर्माचे न्यायाधीश यातली वचनं तोंडपाठ म्हणतात आणि पुस्तक मात्र वाचू नका म्हणतात, हेही मला सोयीचंच पडलं.

मग नदीला पूर आला नाही आणि शेतं कोरडी राहिली. माझा मुलगा मेवासेर भुकेने रडेनासा झाला तेव्हा मी पानं सोडवून मसालेवाल्या हिब्बाकडे नेली. तो म्हणाला, "कागद जाड आहे, पुडी छान बांधली जाईल." चार पानांना मूठभर वाटाणे मिळायचे. मेवासेर तरीही गेला. त्याच्या जिवापायी पुस्तक मोडलं आणि तोही वाचला नाही, हे मी कोणाला तोंडाने सांगितलेलं नाही.

अकरा पानं उरली आहेत. खलफ रोज त्यांच्याकडे बोट दाखवतो.

"मामा, यादीत नाही ते पवित्र नाही. चुलीत घाला, निदान पाणी तरी तापेल."

"जावईबापू, देवाचं नाव असलेला कागद जाळतात का?"

"नाव कुठाय? नुसत्या खुणा आहेत."

खरं आहे. यादीबाहेरच्या पुस्तकात आम्ही नक्कलकार पूर्ण नाव लिहीत नाही, तीन ठिपक्यांची खूण करतो. वडिलांनीही तेच केलं होतं.

म्हणून या आठवड्यात मी प्रत्येक पानाच्या समासात ते नाव पूर्ण अक्षरांत लिहिलं. हे पाप आहे, ते माझ्या एकट्याच्या माथी. आणि हे मृत्युपत्र मी अकराव्या पानाच्या कोऱ्या पाठीवर लिहितो आहे. तुर्फा, माझ्या वाटण्या झाल्या की ही अकराही पानं प्रार्थनेच्या सभागृहात ने, शिडीवर चढ आणि भिंतीतल्या भोकातून देवाचं नाव असलेल्या जुन्या कागदांच्या कोठडीत टाक. तिथलं कोणी जाळत नाही आणि बाहेरही काढत नाही. वाचणारं कोणी नसलं तरी चालेल.

खलफ, आता जाळून दाखव.

फुस्तात. सोमवार, किस्लेव महिना, आम्ही दस्तांवर घालतो तो सन १३८२.
सही: सेमाह बिन येफेत

साक्षीदार: निस्सीम बिन शेला
साक्षीदार: अझर्‍या बिन हिलेल

आम्ही दोघांनी अकराही पानं उलटून पाहिली. नाव प्रत्येक पानावर आहे आणि पूर्ण आहे.