ब्लँकसाठी नेलेलं पीठ

३ मार्च, सोमवार

काय झालं ते आधी सरळ लिहून काढते.

१. प्रयोगशाळेत पिठांमधलं शिसं मोजायचं काम नव्याने सुरू झालं. ते माझ्याकडे आलं.

२. त्यासाठी एक ब्लँक लागतो. म्हणजे ज्यात शिसं नसणारच असं पीठ. बाकीची पिठं त्याच्याशी ताडून बघायची.

३. बाजारातल्या पिठाची खात्री देता येईना. म्हणून मी घरून नेलं. ताई माझ्यासाठी स्वतःच्या दगडी चक्कीवर जे मिश्रण दळते – कोंड्यासकट धान्यं, जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया – त्यातलं वाटीभर.

४. ब्लँकमध्ये शिसं आलं. थोडंथोडकं नाही.

५. भांडी आम्लाने धुतली, पाणी बदललं, आम्लाची नवी बाटली फोडली. पुन्हा आलं.

६. मशीन बिघडलं असं सरांना सांगून मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

७. तो आज आला. म्हणाला, "मॅडम, मशीन ठणठणीत आहे. मशीनला काय दोष देता?"

सातव्यानंतर मी काही केलं नाही. घरी आले. नवऱ्याने विचारलं, "चेहरा का असा?" म्हटलं, डोकं दुखतंय. ओट्यावर ताईचा डबा होता. झाकण घट्ट लावून तो वरच्या फळीवर ठेवला. रोज रात्री त्यातले तीन चमचे दुधात कालवून खाते. आज खाल्लं नाही.

४ मार्च

मशीनवर शंका घेतली, पाण्यावर घेतली, आम्लावर घेतली, स्वतःच्या हातांवर घेतली. पिठावर घेतली नाही. एखाद्या नवशिक्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला चांगलं सुनावलं असतं.

५ मार्च

पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं त्याच्याही आधी. दोन्ही वेळा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कारण सापडेलच असं नाही, असं होतं कधी कधी." 'कधी कधी' हे काही माप नव्हे. मला माप हवं होतं.

म्हणून स्वयंपाकघर हातात घेतलं. साखर, मैदा, डबाबंद सगळं हद्दपार. कडधान्यं मोड आणून, बिया भिजवून, पालेभाजी रोज. हा बिचारा मुकाट खातो. एकदाच म्हणाला, "आपल्याला मूल हवंय की पोपट?"

ताई तर माझ्याही पुढे. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून मला तिच्याकडे नेलं आणि सकाळ-संध्याकाळ तिने ते मिश्रण भरवलं. चमचा धरून. मी तोंड फिरवायची, ती म्हणायची, "गिळ गं. तुझ्यासाठी नाही, पुढच्यासाठी."

मी गिळलं.

७ मार्च, शुक्रवार

काल ताईकडून न दळलेलं धान्य आणि बिया मागून आणल्या. खोटं सांगितलं की मोड आणायचे आहेत. आज तपासल्या. स्वच्छ. सगळ्याच्या सगळ्या स्वच्छ.

म्हणजे धान्यात नाही. दळताना येतं.

८ मार्च

गेले होते. चक्कीची खोली तिच्या घराच्या मागे आहे, एक खिडकी, भिंतींवर पिठाची साय. ताई डोक्याला फडकं बांधून चाळत होती. मला बघून म्हणाली, "या सायंटिस्ट बाई. बिया भिजवल्यास का? की एकेकीला मोजून थेंब घालते आहेस?"

म्हटलं, वरचा दगड उचलून दाखव.

"का, दगडाला टाकी लावायला शिकायचंय?"

दोघींनी मिळून दगड कलता केला. मधल्या भोकात लोखंडाची पट्टी बसवलेली आहे, दगड तिच्यावर फिरतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना राखाडी धातू ओतलेला. मी नखाने ओरखडा काढला. उमटला. आत चकचकीत. कडेचा भाग झिजून खोलगट झाला होता.

"हे काय आहे?"

"पट्टी हलायची गं. मिस्त्रीने शिसं वितळवून ओतलं. म्हणाला, आता नातवंडांपर्यंत हलायची नाही."

कधी ओतलं ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. चक्की आली त्या वर्षीच, आणि तेव्हापासून हे मिश्रण मी खाते. माझं पहिलं बाळ त्याच्या पुढच्या वर्षीचं.

तेवढ्यात तिची मुलगी शाळेतून आली. आम्ही तिला बटण म्हणतो. नाक बटणासारखं, म्हणून. पाच वर्षांची आहे. आल्या आल्या थेट चाळणीत हात घालून तिने मूठभर पीठ तोंडात कोंबलं. ताई हसून म्हणाली, "बघ, हिला बिस्किट नको, हे हवं."

मी तिचा हात धरला. जरा जोरातच धरला असणार. ती रडायला लागली.

ताईला तेव्हाच सांगायला हवं होतं. काम आहे म्हणून निघून आले.

९ मार्च, रविवार

कसं सांगायचं?

"तुझ्या पिठात शिसं आहे." बरोबर वाक्य आहे. त्यात एकही चूक नाही. पण ते ऐकल्यावर ती पुढचं वाक्य स्वतः तयार करणार, आणि ते माझ्याकडे सिद्ध झालेलं नाही. शिशाने गर्भ पडू शकतो. माझे त्यानेच पडले हे कोणी सांगू शकत नाही. कारण ठरत नाही, शक्यता ठरते. हा फरक मला कळतो. तिला कळून उपयोग काय? शक्यता घेऊनच ती आयुष्यभर जगेल.

आणि न सांगावं, तर बटण.

१० मार्च

सांगितलं.

आधी ती हसली. "तुझ्या त्या मशीनला चव तरी कळते का?" मग मी पुन्हा पुन्हा केलेली तपासणी सांगितली, न दळलेल्या धान्याचं सांगितलं. ती चाळणी खाली न ठेवता ऐकत राहिली. मग तिचा आवाज चढला.

"माझं पीठ चोरून तपासलंस? माझं?"

"चोरून नाही."

"मग कशासाठी नेलं होतंस?"

सांगावं लागलं. "ज्यात काहीच नसेल असं पीठ हवं होतं. सगळ्यात शुद्ध म्हणून तुझं नेलं."

ती खाली बसली. मग म्हणाली, "म्हणजे दवाखान्यातून आणल्यावर मी तुला जे चमच्याने–" आणि थांबली.

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मला ते पटकन जमत नाही. मी म्हटलं, "बटणचं रक्त तपासून घे. दगड आजच बंद कर." कचेरीत सूचना द्यावी तसं.

ती म्हणाली, "तू जा आता."

१२ मार्च

ताई फोन उचलत नाही.

१३ मार्च

हा कामावरून येताना तिच्या गल्लीतून आला. चक्की चालू होती म्हणाला. बाहेर दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या.

त्या बायका कोण ते मला माहीत आहे. नावं नाही, पण माहीत आहे. माझ्यासारख्याच. कोणाला दिवस राहत नाहीत, कोणाचे टिकत नाहीत. ताईच्या दारावर पाटीसुद्धा नाही, एकीने दुसरीला सांगत सांगत तिचं नाव झालं. "तुमच्या हाताला गुण आहे हो," असं त्या म्हणतात. दोघी-तिघींना मुलं झालीही. त्यांचे फोटो ताईने भिंतीवर लावले आहेत.

हा म्हणाला, "तिला थोडा वेळ दे."

मी वेळ देईन. शिसं देत नाही. ते हाडांत जाऊन बसतं आणि वाट बघतं. मूल पोटात वाढायला लागलं, आईच्या हाडांतून कॅल्शियम घ्यायला लागलं, की त्याच्याबरोबर बाहेर पडतं. हे ह्याला सांगितलं नाही. एवढं कळलेला माणूस घरात एकच पुरे.

१५ मार्च, शनिवार

दाजी आले होते. ताईचा नवरा, अबोल माणूस, चप्पल दारात काढून तिथेच उभा राहतो. हातात डबा. "तिने पाठवलाय. म्हणाली, हे हाताने कुटलंय. चक्कीचं नाही."

उघडला. भरड, ओबडधोबड, बियांचे तुकडे दिसत होते. लाकडी उखळात कुटलेलं. एवढं कुटायला दोन दिवस तरी खांदे मोडले असतील तिचे.

म्हणजे तिला पटलंय. पटलंय आणि चक्की चालू आहे!

विचारलं, "दाजी, बटणला कुठलं देता?"

"ते मला नाही ठाऊक. स्वयंपाकघर तिचं."

"तुम्ही घरात राहता ना?"

त्यांनी चप्पल घातली. जिना उतरताना वळून म्हणाले, "ती झोपत नाही गं. चक्की बंद केली तर सगळ्या विचारतील का बंद केली. मग ती काय सांगणार? भिंतीवरचे फोटो उतरवते आणि परत लावते."

१७ मार्च

हाताने कुटलेलं तपासलं. स्वच्छ आहे.

ब्लँक म्हणून वापरता येईल. तोच वापरला. माझं काम आता रीतसर सुरू झालं. मशीन छान चालतं. दुपारी भांडी धुण्याच्या खोलीत जाऊन मी नळ सोडला आणि रडले. नळ सोडला म्हणजे कोणाला ऐकू जात नाही. हे मी आधीही केलेलं आहे, दोनदा.

१८ मार्च

सर म्हणाले, "तो आधीचा ब्लँक कुठून आणला होता? अहवालात लिहावं लागेल." म्हटलं, या आठवड्यात लिहून देते. लिहिलं तर चक्कीवर माणसं जातील, दार सील होईल, शेजारपाजार बघेल. न लिहिलं तर त्या पिशव्या.

ताईला निर्वाणीचं काहीतरी पाठवायचं ठरवलं. शुक्रवारपर्यंत बंद कर, नाहीतर मी कळवीन. चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी ते बरोबर होतं आणि प्रत्येक वेळी ते वाचून मला चमचा आठवला.

१९ मार्च

पाळी चुकली आहे. या सगळ्या गडबडीत मोजायचं राहून गेलं. मी! मोजायचं राहून गेलं!

काही नसेल. काळजीने होतं.

२० मार्च, गुरुवार

सकाळी चाचणी केली. दोन रेषा. दुसरी फिकट, पण आहे. पुन्हा केली. आहे.

म्हणजे ते तीन चमचे रोज पोटात जात होते, तेव्हापासून हे आहे.

कालपर्यंतचा मजकूर खोडून ताईला हे पाठवलं. इथे उतरवून ठेवते.

"ताई, मला दिवस गेलेत. ह्यालाही अजून सांगितलेलं नाही, तुला पहिलं सांगते. सोमवारी सकाळी रक्तातलं शिसं तपासायला जाते आहे. तू भरवलंस म्हणून नाही, मला तू बरोबर हवी आहेस म्हणून विचारते: येशील का? बटणला आण, तिचंही होऊन जाईल. गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. मीही शेजारी उभी राहीन. पण दगड आधी बंद. केलास की नाही, आणि येतेस की नाही, रविवार संध्याकाळपर्यंत कळव."