उशिरा दिलेला शॉक

१७ जानेवारी, बालीगंज. संध्याकाळ.

आज मुग्धाला ह्यांच्या शेवटच्या ईसीजीचा कागद दाखवला. दोन महिने कपाटात होता. हृदय नुसतं थरथरत असताना त्याच्या लहरींवरून शॉक लागू पडेल का, हे सांगणारा प्रोग्रॅम बनवणं ही माझ्या लेकीची नोकरीच आहे. तरी दाखवत नव्हते. का?

त्या तरुण डॉक्टरविरुद्ध मी हॉस्पिटलला तक्रार केली आहे. शॉकचं मशीन हाताशी असून तो ह्यांची छातीच दाबत राहिला. मी ओरडले, तर बंगालीत मावशी म्हणून हाक मारत म्हणाला, "मासीमा, दो मिनट." शॉक दिला तो त्यानंतर; हे वाचले नाहीत. तक्रारीत ती दोन मिनिटं मी फार चांगली लिहिली. सोमवारी त्याची चौकशी.

मुग्धाने कागदाचा फोटो काढून लॅपटॉपवर तिच्या प्रोग्रॅमला दिला, मग पुन्हा कागद हातात घेतला.

"आई, लहरी किती बारीक आहेत. तेव्हा शॉक वायाच गेला असता. आधी दाबून हृदयाला रक्त पोचवायचं, लहरी मोठ्या झाल्या की मग शॉक. त्याने बरोबर केलं."

"तुझ्या प्रोग्रॅमला विचार."

"विचारलं. तोही तेच म्हणतो."

"मग बाबा का गेले?"

"ते कागदावर नसतं गं."

इतके दिवस ती दोन मिनिटं त्या मुलाच्या नावावर होती, म्हणून मला झोप लागत होती.

तक्रार मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. माफीची ओळ तीनदा खोडली, मग साधीच ठेवली. सोमवारी स्वतः जाऊन देईन.

आता रागवायला कोणी नाही. हे नाहीत, एवढंच आहे.