झाकणावरचं नाव

३ मार्च २००३
मानेसरच्या कारखान्यात रुजू झाले. कंपनीची बस दिल्लीतल्या धौला कुआँहून सव्वासातला. आईने माझं नाव कोरलेला नवा स्टीलचा डबा दिला. त्यातले दोन लाडू आमच्या विभागाचे प्रमुख धीरज सरांनीच खाल्ले, वर म्हणाले, तुम मराठी लोग तूप फार जपून घालता, यार.

काम छान आहे. कामगारांच्या डेटाबेसच्या आत बसणारं एक मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, पुरं करायचंय. नोकरी सोडलेल्याचं नाव दिलं की ते आतूनच एसक्यूएलची वाक्यं, म्हणजे डेटाबेसला दिलेले हुकूम, चालवतं आणि त्याच्या नोंदी पुसतं : बस, कॅन्टीन, लॉकर, घरचा पत्ता. कोडच्या माथ्यावर लिहिणारीचं नाव आहे, गिरिजा. धीरज सर म्हणाले, अशी कोणी इथे नव्हतीच.

५ मार्च
सातवीपर्यंत मी घरीच, बाबांकडे शिकले. ते सांगत, अंगाशी येईल असं काही दुसऱ्याच्या नावावर करून पाहू नये. म्हणून चाचणीला स्वतःचंच नाव दिलं. नोंदी गेल्या, मग परत आणल्या. सगळं बिल्कुल ठीक.

१० मार्च
लॉकरच्या खोलीत वास येत होता. एक्केचाळीस नंबर उघडला. डबा. झाकणावर कोरलेलं : गिरिजा. आत भात, त्यावर हिरवट केसाळ साय, खाली वळवळ. आंबलेलं पाणी बोटांना लागलं. तीनदा साबण लावला. वास जात नाही.

११ मार्च
कोड पुन्हा वाचला. मॉड्यूल एकदा बनवलेलं वाक्य टाकून देत नाही, नावासकट आत जपून ठेवतं. मी नोंदी परत आणल्या, वाक्य आतच राहिलं. दर मंगळवारी ते अशी वाक्यं पुन्हा चालवतं; आज सव्वासातला ते आपोआप चाललं. माझ्या नावाने.

१२ मार्च
ड्रायव्हरने बसमध्ये घेतलं नाही. शेअर ऑटोने गेले. धीरज सरांनी फाटकावर येऊन विचारलं, किससे मिलना है. मॉड्यूल काढायला आत तर जायला हवं—
बोटांना अजून वास.

१३ मार्च
रात्री आईने दोनच ताटं घेतली. मी हाक मारली. बाबा दारात आले, आणि माझ्याशी हिंदीत बोलले. बेटी, कौन से क्वार्टर में जाना है. बाबा. हिंदीत.

जिन्यात बसलेय. मांडीवर माझा डबा. भात सकाळचाच, पण वर हिरवट—
नखांखालीही. केसाळ, मऊ. पुसलं तर कातडीच—
झाकणावर माझं नाव होतं. अक्षरं पुस—