कच्चा टाका

ताई,

गांजा सोडून वर्ष झालं, कानातले आवाजही थांबले, म्हणून काल डॉक्टरीणबाईंना विचारलं, आता गोळ्या बंद करू का? त्या म्हणाल्या, "एकदम नको. हळूहळू कमी करून बघू, पण घरातल्या कुणाचं तरी लक्ष हवं."

गोळीने डोकं जागेवर राहतं, पण हात जड पडतात. सुई ओवताना शिंप्यालाच घाम फुटतो. आणि मी जरा मोठ्याने हसलो की तू विचारतेस, "गोळी घेतलीस ना?"

तुझंही खरं आहे. डोकं फिरलं होतं तेव्हा लपवलेला माइक शोधायला मी तुझ्या कोटाची शिवण न् शिवण उसवली. तो कोट तू स्वतःच वेडेवाकडे कच्चे टाके घालून अजून वापरतेस, घरात शिंपी असताना. पक्की शिलाई पडेपर्यंत कच्चा टाका ओढू नये, एवढं मलाही कळतं.

तू आपणहून तो कोट माझ्या मशीनवर आणून टाकशील, त्या दिवशी गोळ्या कमी करायला आपण दोघं डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. हे पत्र मात्र तुला देत नाही. वाचलंस तर माझं मन राखायला उद्याच कोट आणशील.

तुझा धाकटा
(गोळी घेतली आहे.)